टॅलेंट : मालकी की ठेव?

'टॅलेंट' हा शब्द आता आपल्या घरादारांत मराठीच होऊन गेला आहे. 'पोरीत टॅलेंट आहे' असे आपण कौतुकाने म्हणतो. 'आमच्यात ते कुठले!' असे म्हणून स्वतःची सुटकाही करून घेतो. टॅलेंट ही ज्याची त्याची मालमत्ता आहे, असे दोन्ही वाक्यांत गृहीत धरलेले असते. शब्दाचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो.

मूळ ग्रीक 'तालान्तोन' म्हणजे तराजू. पुढे तराजूत तोललेले वजन आणि अखेर तेवढ्या वजनाची चांदी. अथेन्सच्या परिमाणात हे वजन सुमारे २६ किलो व मोल ६००० द्राख्मा. द्राख्मा म्हणजे साधारणपणे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे एक तालान्त ही जवळजवळ २० वर्षांची कमाई! इंग्रजीत 'उपजत गुण' हा अर्थ १५व्या शतकाच्या सुमारास रूढ झाला, तो संत मत्तयच्या शुभवर्तमानातील दाखल्यामुळे (२५:१४-३०).

त्या दाखल्यात धनी चाकरांची कुवत पाहून पाच, दोन व एक तालान्त सोपवतो. म्हणजे तालान्त ही चाकरांची कुवत नव्हे. ती धन्याची ठेव आहे. एक तालान्त मिळालेलाही कंगाल नाही. त्याने ठेव उधळली नाही, चोरलीही नाही, जमिनीत पुरली. त्या काळी पैसा राखण्याची ती रूढ रीतच होती. तरीही तो दोषी ठरतो, कारण धन्याच्या भयाने त्याने ती निरुपयोगी केली. 'आमच्यात ते कुठले!' हा उद्गार म्हणूनच नेहमी नम्रतेचा नसतो. कधीकधी तो मातीत पुरण्याचाच प्रकार असतो.

मग हा दाखला केवळ यशस्वितांचा गौरव आहे काय? तसे नाही. पाच मिळवणाऱ्याची व दोन मिळवणाऱ्याची धनी सारखीच वाखाणणी करतो. तो मोजतो विश्वासूपणा, रक्कम नव्हे. शिवाय याच अध्यायात लगेच अंतिम न्यायाचे चित्र येते आणि तेथे हिशेब विचारला जातो तो भुकेल्याला दिलेल्या अन्नाचा, आजाऱ्याच्या घेतलेल्या समाचाराचा.

अंथरुणाला खिळलेल्या सासूची वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या सुनेला कोणत्याही स्पर्धेत बक्षीस मिळत नाही. तिच्या धीराला आपण टॅलेंट म्हणतही नाही. पण ठेव कोणाच्या उपयोगी पडली, हाच निकष धरला, तर तिचा हिशेब चोख आहे. मुलांच्या गुणपत्रिका न्याहाळताना हा निकष आपण हाताशी ठेवतो का?