फवारणीची वही

दिंडोरी तालुक्यात एक द्राक्ष बागायतदार होते. सगळा गाव त्यांना नाना म्हणायचा. सप्तशृंगीवर त्यांची फार श्रद्धा. तीस वर्षं नवरात्राचे नऊही दिवस ते उपवास धरत. अलीकडे त्यांना साखर निघाली होती, रोजच्या गोळ्या सुरू होत्या.

त्या वर्षी घट बसले आणि नानांनी गोळ्यांचं पाकीट देव्हाऱ्यामागे सरकवलं. "पोटात धान्यच नाही, तर साखर वाढेल कशाची?"

धान्य नव्हतं, पण साबुदाणा होता. सकाळी खिचडी, दुपारी बटाट्याची भाजी, रात्री पुन्हा खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याची रक्तात साखर व्हायला वेळ लागत नाही. तिसऱ्या दिवशी नानांची तहान भागेना. चौथ्या दिवशी सुनेनं बोट टोचून पाहिलं, तर मशीनवर ३१२.

नाना घाबरले. पाचव्या दिवशी नुसत्या चहावर त्यांनी पूर्ण गोळी घेतली. तिच्यात ग्लिमेपिराइड होतं. पोट भरलेलं आहे की रिकामं, हे ते औषध पाहत नाही. स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. अकराच्या सुमारास बागेतच त्यांचे हात थरथरू लागले, सदरा घामानं भिजला, जीभ जड झाली. सुनेनं पाण्यात तीन चमचे साखर कालवून पाजली, तेव्हा कुठे ते नीट बोलू लागले.

संध्याकाळी ओट्यावर पडल्या पडल्या त्यांनी मुलाला हाक मारली, "अरे, आज बोर्डो मारायचा राहिला नाही ना?"

नुकतीच गोडी छाटणी झाली होती. बागेत नुसत्या काड्या उभ्या होत्या.

सून म्हणाली, "नाना, वेलीवर एक पान नाही. फवारणी कशाला?"

"पान नाही म्हणून रोग थांबतो का? बुरशी काडीवर दबा धरून असते. पाळी चुकवायची नाही."

"मग भरल्या बागेला लागतं तेवढंच पाणी मारायचं?"

"छे गं. पाला कमी, तर द्रावण कमी. सल्लागाराला विचारून ठरवायचं."

सून आत गेली. देव्हाऱ्यामागचं पाकीट आणून तिनं नानांसमोर ठेवलं. चार दिवसांच्या गोळ्या तशाच होत्या. नाना बराच वेळ त्यांच्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "उद्या दवाखान्यात जाऊ."

डॉक्टरांनी त्या वर्षी उपवास सोडायला लावला आणि पुढच्या वर्षी घट बसायच्या पंधरा दिवस आधी या म्हणाले. देवीची क्षमा मागताना नानांचे डोळे भरून आले. मला वाटतं, त्या भरल्या डोळ्यांत उरलेल्या चार दिवसांचा उपवास आलाच.

पुढच्या वर्षी नाना आधीच गेले. डॉक्टरांनी एक गोळी तशीच ठेवली, एकीची मात्रा कमी करून वेळ बदलली. शेजारच्या बागायतदारानं "मलाही तेच सांगा" म्हटल्यावर नाना त्याच्यावर ओरडलेच, "माझ्या बागेचं प्रमाण तुझ्या बागेला मारतोस का? तुझ्या डॉक्टरला विचार!" फराळात साबुदाणा गेला, राजगिऱ्याची भाकरी, दही, काकडी, मूठभर दाणे आले. साखर सत्तरच्या खाली गेली तर त्याच क्षणी उपवास सोडायचा, असं ठरलं.

सातव्या माळेला सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढताना नानांना दरदरून घाम फुटला. ते तिथेच बसले. मशीनवर ६६. खिशातली साखरेची पुडी त्यांनी पाण्यात कालवून घेतली. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिलं, ९४. खाली उतरून पोळी-भाजी खाल्ली, डॉक्टरांना फोन केला आणि ट्रॉलीनं वर जाऊन दर्शन घेतलं.

रात्री त्यांनी फवारणीची वही काढली. बोर्डोच्या नोंदीखाली लिहिलं : सातवी माळ. गडावर ६६. साखर घेतली. उपवास सोडला. रात्रीची गोळी डॉक्टरांना विचारून घेतली.