उजेडाची बचत

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, 1 सप्टेंबर 1942 रोजी, सरकारी हुकुमाने हिंदुस्थानची प्रमाणवेळ एक तास पुढे सरकली आणि 15 ऑक्टोबर 1945 पर्यंत तशीच राहिली. त्या मुदतीत पुणे-सातारा रस्त्यावर नीरेकाठी वसलेल्या सारोळ्यात पौषातला सूर्य घड्याळाच्या हिशेबाने सकाळी आठ वाजून गेल्यावर उगवत असे. संध्याकाळी दिवे उशिरा लावावेत, इंधन वाचावे, ही युक्ती विलायतेकडून आलेली. विल्यम विलेट या लंडनच्या बांधकाम-व्यावसायिकाने 1907 साली तिचा हिरिरीने पुरस्कार केला आणि 1916 साली जर्मनीने ती प्रथम देशभर अंमलात आणली.

विलेटचे म्हणणे त्याच्या मुलखापुरते रास्तच होते. लंडनचा हिवाळी दिवस जेमतेम आठ तासांचा, तर उन्हाळी साडेसोळांचा. जूनमध्ये तिकडे तेव्हाच्या घड्याळाप्रमाणे पहाटे चारच्याही आधी सूर्य उगवे आणि निजलेल्या नगरावर तो उजेड व्यर्थ सांडे. सारोळ्याचा सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास आणि सर्वांत लहान अकराचा. एवढ्या तुटपुंज्या तफावतीतून शिल्लक ती काय टाकायची?

शिवाय आपल्या पदरी अशी बचत आधीच, न मागता पडलेली आहे. प्रमाणवेळेचे रेखावृत्त मिर्झापूरजवळून जाते, साडेब्याऐंशी अंशांवरून. सारोळे चौऱ्याहत्तराच्या लगत. अंशाला चार मिनिटे धरली, तर येथील मध्यान्ह बाराला न होता सरासरीने साडेबारा उलटल्यावर होते, म्हणजे बारमाही अर्ध्या तासाहून अधिक उजेड आपण सकाळच्या खात्यातून काढून संध्याकाळच्या खात्यात जमा केलेला आहे. 1906 साली ही वेळ लागू झाली तेव्हा मुंबईने एकोणचाळीस मिनिटांच्या या फरकासाठी केवढे रण माजवले! तेथील महापालिका तर पुढे कित्येक दशके आपल्या जुन्या वेळेला चिकटून राहिली. याला कोणी निव्वळ हटवादीपणा म्हणो. भल्या पहाटे गिरणीची वाट धरणाऱ्या कामगाराची झोप त्या मिनिटांत होती, हे विसरून चालणार नाही.

दुसरी बाजू नाही असे नाही. आसामात सूर्य इतका लवकर उगवतो की चहामळ्यांनी एक तास पुढची ‘बागान वेळ’ कैक वर्षे पाळली आहे, आणि ती तक्रार मला सर्वस्वी न्याय्य वाटते. इकडे नीरेपलीकडे शिरवळच्या कारखान्यांतून सुटलेल्या स्त्रीला उजेडी घर गाठता आले, तर तेही थोडेथोडके नव्हे. पण त्यासाठी पाळीची वेळ बदलता येते. उन्हे तापू लागली की आपल्याकडे ‘सकाळची शाळा’ भरते. मुले लवकर उठतात, दुपारच्या आत घरी येतात आणि भिंतीवरच्या घड्याळाला कोणी हातही लावत नाही. ही वहिवाट कोणत्याही फर्मानाहून मला शहाणपणाची वाटते.

शेतकऱ्याच्या उजेडाचा प्रश्न तर निराळाच. पंपाची वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. रात्रीची पाळी आली की हातात बॅटरी, मनात विंचू-काट्याची धास्ती, अशा थाटात त्याला भर थंडीत पिकाला पाणी द्यावे लागते. त्याच्या लेखी बारा म्हणजे लाईट येण्याचा टाईम. सूर्य त्या वेळी कोठे आहे, याची विचारपूस कोणी करीत नाही. 2017 साली राज्य शासनाने सौर कृषिवाहिनीची योजना काढली ती दिवसा पाणी देता यावे म्हणूनच, आणि उजेडाच्या बचतीवर खर्च करायचाच असेल, तर तो मी या वाहिन्यांवर करीन.