मृताची कबर उघडावी काय?

इंग्लंडच्या नैऋत्येस डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचे उंच व ओसाड माळरान आहे. तेथे प्राचीन लोकांनी रचलेल्या दगडांच्या राशी व शिळांच्या पेटीसारख्या कबरी पुष्कळ आहेत. त्यांत धन असावे अशा समजुतीने लोकांनी त्यांपैकी बहुतेक केव्हाच फोडून टाकल्या.

परंतु व्हाइटहॉर्स टेकडीवरील एक कबर अभंग राहिली. अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा जो काळा, ओला थर तिकडे असतो, त्यास पीट म्हणतात. त्याने ती झाकली होती. तो थर ढासळून २००१ साली तिची शिळा दृष्टीस पडली, व २०११ साली शोधकांनी ती उघडली. आत एका तरुण व्यक्तीच्या दहन केलेल्या अस्थी अस्वलाच्या कातड्यात गुंडाळलेल्या होत्या. जवळ विणलेली लहानशी परडी, तीत दोनशेंहून अधिक मणी. आणि गुरांच्या केसांचे, कथलाच्या बारीक टिकल्या जडविलेले एक कंकण. हे सारे साडेतीन हजारांहून अधिक वर्षे तसेच राहिले होते. कोणा आईबापांनी वा आप्तांनी ते तेथे ठेविले असेल. आम्ही ते उचलावे म्हणून खचित नव्हे.

कोणी म्हणतील, त्या मृताचा वारस आज कोण आहे? मग दुःख कोणास? हे म्हणणे आम्हांस पटत नाही. तसे असेल तर निपुत्रिक मनुष्याच्या कबरीवर उद्याच नांगर फिरविण्यास हरकत नसावी! ज्ञान वाढते, हे दुसरे उत्तर. ते खरे आहे. त्या परडीवरून त्या लोकांच्या हस्तकौशल्याविषयी पुष्कळ समजले. पण जाणण्याची हाव हीही हावच होय, आणि पूर्वीच्या धनशोधकांसही आपली हाव वाजवीच वाटत असेल.

तथापि ही कबर उघडली ते योग्यच झाले, असे आमचे मत आहे. पीट सुकून ढासळू लागले म्हणजे आत हवा शिरते, आणि जे कातडे व केस इतकी शतके टिकले ते लवकरच नाश पावतात. शेजाऱ्याचे घर पेटले असता न विचारता आत शिरून त्याची चीजवस्तू बाहेर काढणाऱ्यास कोणी चोर म्हणत नाही. मात्र ती वस्तू त्यामुळे काढणाऱ्याच्या मालकीची होत नाही. मणी व कंकण लोकांस दाखवावे, यास आमची ना नाही. अस्थी काचेच्या कपाटात मांडण्यास मात्र आमचे मन घेत नाही. आणि ज्या कबरींवर पीट अद्याप ओले व घट्ट आहे, त्यांच्या शिळांस कोणी हात लावू नये.