वाकणे आणि वाकून राहणे

शरीराच्या हालचालींविषयी अलीकडे जी चर्चा चालते, ती एका सोयीच्या समजुतीवर उभी आहे. खुर्चीने शहरी माणसाची पाठ बिघडवली, शेतात राबणाऱ्या बाईला मात्र वाकण्याची मूळ रीत अजून ठाऊक आहे, अशी ती समजूत होय. धानाची रोवणी करणाऱ्या स्त्रियांची छायाचित्रे तिच्या पुराव्यादाखल दाखवली जातात: गुडघे जवळजवळ सरळ, पाठ सपाट आणि घडी कंबरेच्या मणक्यांत नसून खुब्याच्या सांध्यात. अशी छायाचित्रे काढणाऱ्यांना साकोली तालुक्यातील एकोडीच्या शिवारात, किंबहुना भंडारा जिल्ह्यातील धानाच्या कोणत्याही बांधीत, आषाढ-श्रावणात हवे ते दृश्य हमखास मिळेल. प्रश्न दृश्याचा नाही. छायाचित्र एका क्षणाचे असते आणि रोवणी दिवसभराची असते, हा फरक या चर्चेत कुठेच येत नाही.

जैवयांत्रिकी म्हणजे हाडे, स्नायू आणि सांधे यांच्याकडे तरफ, बल आणि दाब यांच्या नजरेने पाहणारे शास्त्र. सतराव्या शतकातील बोरेलीपासून माणसाच्या चालीचे गणित मांडणाऱ्या जर्मन शरीरशास्त्रज्ञांपर्यंतचा त्याचा प्रवास अनेकांच्या परिचयाचा आहे. त्यातला मूळ हिशेब मात्र पुन्हा मांडण्याजोगा आहे, कारण वादाची गाठ तिथेच आहे. पंचेचाळीस किलो वजनाच्या स्त्रीच्या कंबरेवरील धड, डोके आणि हात यांचे वजन ढोबळमानाने चोवीस-पंचवीस किलो भरते. ती पूर्ण वाकली की या वजनाचा मध्य कंबरेच्या खालच्या मणक्यापासून पंचवीस-तीस सेंटिमीटर पुढे जातो, तर तिला मागून धरून ठेवणारे पाठीचे स्नायू त्याच मणक्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. तरफेच्या नियमाने त्या स्नायूंना पाच-सहापट जोर लावावा लागतो. म्हणजे हातात चिमूटभर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, असतानाही मणक्यांमधल्या गादीवर सव्वाशे ते दीडशे किलोच्या वजनाइतका दाब पडतो.

हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण शास्त्राच्या रूढ मापात तो किरकोळ ठरतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेने 1981 मध्ये वजन उचलण्याच्या कामासाठी जी मर्यादा सुचवली, ती 3400 न्यूटन, म्हणजे सुमारे साडेतीनशे किलोच्या दाबाची होती. तिच्या तुलनेत रोवणी निम्म्यालाही पोहोचत नाही. ही मर्यादा एका उचलण्यातील सर्वोच्च दाबासाठी आखलेली होती आणि त्या कामापुरती ती उपयुक्तही आहे; पण तोच एक आकडा निकष मानला, तर धानाच्या बांधीत पाठीला धोका नाही असे म्हणावे लागते. रोवणीच्या हंगामात रात्री पाठ टेकवतानाही कळवळणाऱ्या स्त्रियांविषयी मग त्या आकड्याला काही सांगता येत नाही.

योग्य ढबीचा आग्रह धरणारा पक्ष येथे पुढे सरसावतो. चूक वाकण्यात नाही, चुकीच्या रीतीने वाकण्यात आहे, असे त्याचे म्हणणे असते. हा पक्ष शास्त्राची भाषा बोलतो आणि त्याचे तक्ते दवाखान्यांच्या भिंतींवर लागलेले असतात, म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे भाग आहे. 1960 च्या दशकात स्वीडनच्या आल्फ नाकेमसन यांनी जिवंत माणसाच्या मणक्यांमधल्या गादीत सुई घालून निरनिराळ्या स्थितींतील दाब मोजला. ते काम असामान्य होते. पण त्यातून ढबींची जी उतरंड लोकप्रिय झाली, ती त्या त्या स्थितीतील दाबाची उतरंड होती, ती स्थिती किती वेळ टिकते याची नव्हे. वजन उचलताना पाठ वाकवू नये, उकिडवे बसूनच उचलावे, हा सल्लाही असाच सर्वमान्य झाला. 1999 मध्ये याप व्हान डीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा उकिडव्या पद्धतीचा सरसकट पुरस्कार करण्याइतका आधार त्यांना त्यात आढळला नाही. शिवाय चिखल-पाण्याने भरलेल्या बांधीत उकिडवे बसणार कुठे, हा साधा प्रश्न उरतोच.

राहिला खुब्यातून वाकण्याचा मुद्दा. पाठ सपाट ठेवून वाकले, तर पाठीचे स्नायू सतत आवळलेले राहतात. स्नायू असा स्थिर आवळलेला राहिला की त्यातला रक्तप्रवाह अडतो. जोर आपल्या कमाल ताकदीच्या साधारण पंधरा टक्क्यांवर गेला तर तो फार काळ टिकवता येत नाही, असे जर्मनीच्या वाल्टर रोमर्ट यांनी 1960 मध्ये दाखवले. मग थकलेली पाठ आपोआप गोल होते. तिथे दुसरी गोष्ट घडते. ब्रिटनमधील फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी 1950 च्या दशकात स्नायूंतील विद्युत हालचाल नोंदवताना पाहिले की माणूस पूर्ण वाकला की पाठीचे स्नायू जवळजवळ शांत होतात. स्नायूंना विसावा मिळतो, पण वजन नाहीसे होत नाही. ते मणक्यांना मागून बांधणाऱ्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडाला हाड जोडणाऱ्या चिवट पट्ट्यांवर, आणि गादीवर जाते. या ऊती सतत ताणाखाली हळूहळू लांबत जातात. कॅनडातील स्टुअर्ट मॅकगिल आणि ब्राउन यांनी 1992 मध्ये माणसांना वीस मिनिटे पूर्ण वाकवून ठेवले, तेव्हा हे लांबणे मोजता आले आणि अर्ध्या तासाच्या विश्रांतीनंतरही ते पूर्णपणे ओसरले नव्हते. अशा सैल पडलेल्या कण्याला सांध्याचे रक्षण नीट करता येत नाही. तात्पर्य, सपाट पाठीत किंमत स्नायू मोजतात आणि गोल पाठीत अस्थिबंध मोजतात. ढब बदलली की भार जागा बदलतो. तो उतरतो फक्त उभे राहिल्यावर.

म्हणून वाकणे आणि वाकून राहणे या दोन वेगळ्या क्रिया मानाव्या लागतात. पहिली सांध्याची हालचाल आहे आणि निरोगी सांधा ती हजारदा करू शकतो. दुसरीत हालचालच थांबलेली असते. रोवणी बहुतांशी दुसरी आहे. वीस बाय पंधरा सेंटिमीटर अंतराने रोवल्यास एका एकरात सुमारे 1 लाख 35 हजार चूड, म्हणजे एका जागी रोवायच्या रोपांचे झुपके, लागतात, आणि प्रत्येक चुडासाठी हात खाली जातो. पण धड वर येत नाही. रोवणारी स्त्री मागे मागे सरकते, चिखलात पाय रुतलेले असतात, आणि अनेकदा पऱ्ह्यांची जुडी धरलेला डावा हात ती कोपरापाशी मांडीवर टेकवते. हे टेकणे पाठीवरचे थोडे वजन पायांकडे वळवते. कोणत्याही तक्त्याने न शिकवलेली ही युक्ती तक्त्यांपेक्षा शहाणी आहे, आणि तरीही ती वाकून राहण्याची मुदत वाढवते, कमी करत नाही. पूर्वीच्या अन्नात कस होता, सकाळी आसने करावीत, यंत्र आले की सुटेल, ही उत्तरे येथे फार थांबण्याजोगी नाहीत. रोवणी यंत्राला चटईवर वाढवलेली रोपे आणि नीट सपाट केलेली बांधी लागते, आणि लहान, धुऱ्यांनी (बांधांनी) तुटलेल्या बांध्यांत ते येईपर्यंत पाठीच राबणार आहेत.

भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेतून शेतीतील श्रम आणि सुरक्षिततेविषयीचे समन्वित संशोधन चालते, भारतीय शेतमजुरांच्या शरीराची मापे त्यातून प्रसिद्ध झाली आहेत, आणि साकोलीच्याच कृषी संशोधन केंद्रातून धानाची वाणे निघाली आहेत. वाण किती दिवसांत तयार होते हे जितक्या काटेकोरपणे नोंदले जाते, तितक्याच काटेकोरपणे रोवणारी पाठ सलग किती मिनिटे वाकलेली राहते हेही नोंदले गेले पाहिजे. त्यासाठी पाठीवर बांधता येणारे, कल मोजणारे लहानसे उपकरण पुरते. अशी नोंद रोजीने होणाऱ्या रोवणीत आणि एकरी ठेक्याने होणाऱ्या रोवणीत वेगवेगळी घ्यावी लागेल. ठेक्यात कंबर सरळ करण्याचा प्रत्येक क्षण मजुरीतून वजा होतो, आणि सोबतच्या बाया पुढे गेल्या की मागे राहिलेलीला उभे राहायला सवडही नसते. अशा वेळी तिला खुब्यातून वाकायला सांगणारा सल्ला तिच्या हातात नसलेली गोष्ट तिच्या सांध्यांकडे मागतो. ठेक्याचा दर ठरवतानाच दर ओळीच्या शेवटी उभे राहण्याचा वेळ त्यात धरावा, एवढी मागणी या सगळ्या मोजमापातून सरळ निघते, आणि ती दवाखान्यात नव्हे तर धुऱ्यावर, रोवणी सुरू होण्याआधी करावी लागते.