दाण्यातलं पाणी

पाऊस लागून राहिलेली संध्याकाळ या मननाला चांगली. घरात वर्दळ नसावी, टीव्ही बंद असावा, मोबाईल दुसऱ्या खोलीत असावा. अर्धा तास पुरतो, पण त्या अर्ध्या तासात मागे दुसरं काम लावून घेऊ नका. आपण मक्याच्या लाह्या करणार आहोत आणि करताना एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवणार आहोत. ती गोष्ट म्हणजे पाणी.

खडवलीच्या माणसाला पाण्याकडे लक्ष द्या असं वेगळं सांगावं लागत नाही. कसाऱ्याची लोकल टिटवाळा सोडून पुढे आली की आमचं स्टेशन, आणि स्टेशनापासून भातसा जवळच. वर शहापूर तालुक्यात तिच्यावर धरण आहे, मुंबईच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा वाटा तिथून जातो. पावसाळ्यात नदी फुगली की गावातली जाणती माणसं सहलीला आलेल्या पोरांना हात जोडून सांगतात, आत उतरू नका. न ऐकल्यामुळे जीव गेल्याच्या बातम्या जवळजवळ दर पावसाळ्यात येतात. आणि घरात? भिंतीला ओल, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास, बरणीतलं मीठ पाझरलेलं, डब्यातले पापड सादळलेले. जून ते सप्टेंबर इथली हवाच ओली असते. अशा हवेत कुरकुरीत काही करून खायचं, तर पाणी कुठे हवं आणि कुठे नको हे नीट समजून घ्यावं लागतं.

आता मूठभर दाणे तळहातावर घ्या. वाण्याकडे पॉपकॉर्नचा मका म्हणून सुटा मिळतो तोच. एक दाणा दोन बोटांत धरून दिव्याकडे करा. बारका, टणक, तकतकीत पिवळा. एका टोकाला थोडा निमुळता, तिथे कणसाला चिकटलेल्या जागेची फिकट खूण. नख रोवून पाहा, रुतत नाही. पावसात गाडीवर निखाऱ्यांवर भाजून मीठ-लिंबू चोळून मिळतं त्या कणसाचा दाणा आठवा. त्याला नख लावलं की दुधासारखा चीक येतो. तो दाणा भाजतो, करपतो, पण फुटत नाही. फुटणाऱ्या मक्याची जात वेगळी. आपल्याकडे या जातीत ‘अंबर’ नावाचा वाण काढलेला आहे. या जातीचं साल घट्ट विणीचं असतं, आतली वाफ सहजी बाहेर सोडत नाही. सालाच्या आत स्टार्च, आणि त्या स्टार्चमध्ये मुरलेलं पाणी.

हो, पाणी. हातातला हा खुळखुळणारा, वरून ठणठणीत कोरडा दाणा वजनाच्या १३ ते १४ टक्के पाणी बाळगून असतो. १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे १४ ग्रॅम, म्हणजे चहाचे जवळजवळ तीन चमचे. खरंच तीन चमचे पाणी एका वाटीत काढा आणि दाण्यांशेजारी ठेवा. एकदा वाटीकडे पाहा, एकदा दाण्यांकडे. एवढं पाणी या एवढ्या दाण्यांत आहे, हे डोळ्यांना पटेपर्यंत थांबा. घाई नाही.

हे पाणी कमी झालं की दाणा फुटत नाही. जास्त असलं तर फुटतो, पण लाही लहान आणि घट्ट होते. नागपंचमीसाठी घरी ज्वारीच्या लाह्या करणाऱ्या बायका हे हातानेच ओळखतात. त्या ज्वारी गरम पाण्यातून काढतात, निथळतात, फडक्यात बांधून रात्रभर ठेवतात आणि मग तापलेल्या कढईत थोडी थोडी टाकतात. वरवर पाहिलं तर उलटंच वाटतं. भाजायचं आहे, तर भिजवायचं कशाला? पण फडक्यातल्या त्या रात्रीत पाणी ज्वारीच्या पोटात सारखं पसरतं, आणि दुसऱ्या दिवशी लाही फुलते ती त्याच पाण्यावर. लक्ष्मीपूजनाला बत्ताशांबरोबर ठेवतात त्या साळीच्या लाह्यांचंही तेच. भडभुंजा त्या तापलेल्या वाळूत फोडतो, कारण वाळूत दाण्याला चहूबाजूंनी सारखी आच लागते. मका या घरात नंतर आला. तो मूळचा अमेरिका खंडातला, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर भारतात आला असं मानतात. तिकडे मात्र मक्याच्या लाह्या फार जुन्या आहेत. पेरूच्या किनाऱ्यावर सुमारे ६,७०० वर्षांपूर्वीची, लाह्या फोडलेली कणसं सापडली आहेत.

आता उठा. जाड बुडाचं, चार-पाच लिटरचं पातेलं घ्या. त्यात दोन मोठे चमचे तेल घाला, शेंगदाण्याचं चालेल. बाजारी पुडीतला पिवळा रंग हवा असेल तर चिमूटभर हळद याच तेलात घाला. मध्यम आचेवर ठेवा, तीन-चारच दाणे टाका आणि झाकण ठेवा.

ऐका. आधी काहीच होत नाही. पाणी १०० अंशांना उकळतं हे शाळेत शिकलोय, दाण्याने तो आकडा कधीच ओलांडलेला असतो, तरी तो गप्प असतो. साल वाफेला वाट देत नाही, म्हणून आत दाब चढत राहतो. प्रेशर कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट दाब असतो. दाण्याच्या आत तो नऊपटीच्या आसपास जातो. टणक स्टार्च त्या उष्ण वाफेत मऊ, लगदा होऊन जातो. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. या न दिसणाऱ्या वेळात मन इकडेतिकडे पळतं. आच वाढवावीशी वाटते, झाकण उचलून पाहावंसं वाटतं. हात खाली ठेवा. आच मोठी केली तर साल करपतं आणि आतपर्यंत ऊब पोचायला वेळच मिळत नाही.

फट्.

सुमारे १८० अंशांना साल हार मानतं. वाफ एकदम सुटते, तिच्याबरोबर मऊ स्टार्च फेसासारखा बाहेर येतो आणि बाहेरच्या हवेत क्षणात गार होऊन तसाच थिजतो. लाहीचं ते पांढरं, खळगेदार रूप म्हणजे थिजलेला फेस. २०१५ साली फ्रान्समधल्या दोन संशोधकांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. फुटणाऱ्या दाण्यातून आधी स्टार्चचा एक पाय बाहेर येतो, तो बुडाला टेकतो आणि त्याच्या जोरावर दाणा उसळी घेतो. आवाज साल फाटण्याचा नसतो, कोंडलेली वाफ सुटण्याचा असतो, असंही त्यांनी दाखवलं. म्हणजे आपण आता ऐकलं ते पाणीच होतं.

चारही दाणे फुटले की तेल तयार झालं. उरलेले दाणे, साधारण १०० ग्रॅम, आत घाला. पातेलं हलवा, म्हणजे प्रत्येक दाण्याला तेल लागेल. झाकण ठेवा, पण पूर्ण बसवू नका, बोटभर फट राहू द्या. आता डोळे मिटून नुसतं ऐकलं तरी चालेल. आधी एखादा, मग दोन-तीन, मग एकच तडतडाट, त्यात वेगळा आवाज काढता येत नाही. मधूनमधून पातेलं धरून हलवा. मग पुन्हा आवाज विरळ होत जातो. दोन फुटण्यांमध्ये दोन सेकंदांचं अंतर पडू लागलं की गॅस बंद करा. शेवटच्या चार दाण्यांच्या लोभाने थांबलं तर खालच्या लाह्या करपतात, आणि करपट वास सगळ्या पातेल्याला लागतो.

झाकण उचला, उलटं करा आणि आतल्या बाजूला बघा. धुकं आहे, काही ठिकाणी थेंब आहेत. वाटीत काढून ठेवलेल्या त्या तीन चमच्यांकडे एकदा पाहा आणि मग या थेंबांकडे. मघाशी दाण्याच्या पोटात होतं तेच हे पाणी. त्याने आपलं काम केलं, आता ते बाहेर आलं आहे आणि इथून पुढे तेच लाहीचा घात करणार आहे. फट ठेवायला सांगितलं ते याचसाठी. झाकण घट्ट असतं तर हीच वाफ परत लाह्यांवर बसली असती आणि लाह्या चिवट झाल्या असत्या. झाकण पुसून टाका. लाह्या परातीत पसरा आणि मिनिटभर तशाच ठेवा. वाफ जाऊ द्या.

चवीकडे आता यायचं, आणि बहुतेक घरांत सगळं बिघडतं ते इथेच. लाहीवर पडणारी प्रत्येक गोष्ट कोरडी हवी. लोणी नको, लोण्यात सहाव्या हिश्श्याइतकं पाणी असतं आणि ते लागेल तिथे लाही आक्रसते. त्याच लोण्याचं तूप कढवलं की ते पाणी निघून जातं. म्हणून तूप घ्या, पातळ केलेलं, दोन छोटे चमचे, आणि चमच्याने धार धरून सगळीकडे फिरवा. तुपाचं काम मसाला धरून ठेवण्याचं. मीठ जाडं असेल तर परातीच्या तळाशी जाऊन बसतं. ते मिक्सरमध्ये पिठासारखं बारीक करून घ्या. आंबटपणा हवा तर लिंबू पिळू नका, आमचूर घ्या.

मसाला कुठला, यावर माझं मत ठाम आहे. मेतकूट. डाळी, तांदूळ कोरडे भाजून, हिंग-हळद-सुंठ घालून वस्त्रगाळ केलेली ती पूड जणू याच कामासाठी केली असावी, इतकी ती तुपाच्या हाताला लाहीला चिकटते. गरम भातावर तूप-मेतकूट खाऊन वाढलेल्या माणसाला पहिल्या घासातच ओळख पटते. त्याखालोखाल गोडा मसाला आणि चिमूटभर पिठीसाखर. तिखट हवं असेल तर कांदा-लसूण मसाला, पण तो तुपात आधी पाच-दहा सेकंद परतून मग ओता. नाहीतर कच्चा लागतो. ओल्या खोबऱ्याच्या, ताज्या लसणाच्या चटण्या कितीही आवडत्या असल्या तरी इथे नकोत. आणि बटरच्या वासाच्या तयार पुड्या? त्या वासाखाली मक्याचा स्वतःचा वास उरत नाही, आणि मला तो वास हवा असतो.

गुळाच्या लाह्याही होतात, फार छान होतात. चिक्कीचा गूळ १०० ग्रॅम, चमचाभर तूप, मंद आच. पाक उकळत राहतो तोवर त्यातलं पाणी जात असतं. एक थेंब गार पाण्यात टाकून दाताखाली धरावा, कट्कन तुटला की चिमूटभर खायचा सोडा घालावा, पाक फसफसून हलका होतो. लगेच लाह्या घालून भराभर ढवळायचं आणि तूप लावलेल्या ताटात मोकळ्या करायच्या. पण गूळ हवेतलं पाणी ओढतो. खडवलीत जुलैमध्ये त्या लाह्या बघता बघता हाताला चिकटू लागतात. पावसाळ्यात त्या वाटेला जाऊच नये. दिवाळी उलटली, भात कापून झाला, सकाळी अंगणात कोरडी थंडी जाणवू लागली की करा.

आता मेतकुटाची वाटी घेऊन बसा. एक लाही उचला आणि लगेच चावू नका, जिभेवर ठेवा. लाळेने ती विरघळू लागते, आक्रसते, आधी तूप आणि मीठ कळतं, मग हिंग, आणि शेवटी मक्याचा गोडसरपणा. दातांत अडकतं ते साल, मघाशी नऊपट दाब पेलणारं. बाहेर पाऊस असेल तर ऐका, पण हात थांबवू नका. या हवेत लाही फार वेळ कुरकुरीत राहत नाही, सावकाश खायची ती मननापुरती, एरवी गरम असतानाच संपवायची.

परातीच्या तळाला न फुटलेले दाणे उरतील. ते मोजायची गरज नाही, नजरेने अंदाज घ्या. मूठभर दाण्यांत दहा-पंधरा राहिले तर ठीक. कुणाचं साल आधीच तडकलेलं असतं, त्यातून वाफ हळूहळू निघून जाते आणि दाब चढतच नाही. अशा दाण्यांचा काही उपाय नाही, ते चावूही नका, दात जाईल. पण निम्मेअधिक दाणे तसेच राहिले असतील तर दोष आचेचा किंवा तुमच्या हाताचा नसण्याचीच शक्यता जास्त. दाणे जुने झालेत, दुकानात किंवा फडताळात उघडे राहून आतून सुकलेत. बरणीतले उरलेले दाणे फेकू नका. अर्धा किलोला एक मोठा चमचा पाणी घाला, झाकण घट्ट लावा, चांगलं हलवा आणि तीन-चार दिवस ठेवून द्या, रोज एकदा हलवत राहा. नंतर चार दाणे टाकून बघा.