दोष शोधणे आणि दोष देणे

मराठीत ‘दोष’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न गोष्टींकरिता वापरला जातो. यंत्रात बिघाड असला म्हणजे तो दोष, आणि तो बिघाड ज्या माणसाच्या माथी मारावयाचा त्याच्या वाट्यास येतो तोही दोषच. पहिला शोधावयाचा असतो, दुसरा द्यावयाचा असतो. ही दोन कामे एकाच शब्दाच्या आश्रयाने राहत असल्यामुळे ती करणाऱ्यांचीही गल्लत होते की काय, अशी शंका आम्हांस फार दिवसांपासून आहे. आणि हल्ली घरोघर वारंवार घडणाऱ्या एका प्रसंगाने ती बळावली आहे. घरात वायफाय आहे, चार मोबाईल त्यावर सुरळीत चालले आहेत, आणि पाचवे एखादे यंत्र काही केल्या त्यास जोडले जात नाही.

विषय क्षुल्लक आहे, असे आमच्या कित्येक वाचकांस वाटेल. परंतु कार्यकारणभावाचा विचार करण्यास घट आणि कुंभार यांचेच उदाहरण पाहिजे असे थोडेच आहे? त्या उदाहरणाने वर्गात जांभयाच अधिक येतात, हा आमचा अनुभव आहे.

यंत्र ‘जोडले गेले’ असे आपण एका दमात म्हणतो. वस्तुतः ती एक लहानशी यात्राच असते. प्रथम यंत्रास राउटरच्या लहरी ऐकू आल्या पाहिजेत. या लहरी भिंतीपलीकडे जातात ही गोष्ट जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात दूरची घंटा वाजवून लोकांस दाखविली होती; परंतु सर्वच लहरी सारख्या जात नाहीत. घरगुती राउटर बहुधा दोन पट्ट्यांत बोलतो, एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि दुसरा ५ गिगाहर्ट्झचा. पहिला मंद खरा, पण भिंतींतून बऱ्यापैकी पार होणारा. दुसरा वेगवान, पण जुन्या वाड्याच्या हातभर जाड भिंतीपुढे हतबल होणारा. स्वस्त दिवे, कॅमेरे, प्रिंटर यांपैकी कित्येकांस पहिलीच भाषा येते, आणि राउटरने केवळ दुसरीत हाक मारली तर त्यांच्या दृष्टीने घरात वायफाय नाहीच. पहिल्या पट्ट्यात गर्दीही फार; अन्न तापविण्याची मायक्रोवेव्ह भट्टी त्याच सुमाराच्या लहरींवर चालते, आणि ती सुरू होताच शेजारचे यंत्र अडखळावे हे कित्येकांनी अनुभविलेले असेल. लहर ऐकू आली तर पुढे पासवर्डचे दार. त्यापुढे राउटरने यंत्रास घरातला एक पत्ता नेमून द्यावा लागतो, आणि तो न मिळाल्यास यंत्र १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता आपला आपणच घेऊन मुकाट बसते. हे सर्व होऊनही घराबाहेरची तार तुटलेली असू शकते. मग जोडणी शाबूत आणि जग मात्र बंद.

इतक्या ठिकाणी जेथे पाय घसरू शकतो, तेथे ‘कोणी हात लावला होता?’ हा प्रश्न सर्वांच्या आधी का उच्चारला जावा? आमच्या मते याचे कारण असे की, माणसाला दोष दिला म्हणजे चौकशी संपते, आणि चौकशी संपणे हे सुखाचे असते. बिघाडाचे कारण अज्ञात राहणे मनास जितके टोचते, तितके ते चुकीचे ठरणे टोचत नाही.

आपल्या नैयायिकांनी या मोहाची नस फार पूर्वी ओळखली होती. कार्याच्या पूर्वी जे जे असते ते ते कारण नव्हे, हे सांगण्याकरिता त्यांनी कुंभाराचे गाढव पुढे आणले. माती त्या गाढवाच्या पाठीवरून आली असेल, घट घडण्यापूर्वी ते अंगणात उभेही असेल. तरीही ते घटाचे कारण नव्हे, कारण त्याच्यावाचूनही घट होतो. अशा वस्तूस त्यांनी अन्यथासिद्ध म्हटले. मिल याने १८४३ साली आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात याच मार्गाचे दुसरे टोक दाखविले: दोन प्रसंग असे घ्यावेत की, त्यांत बाकी सर्व सारखे आणि एकच गोष्ट वेगळी असेल. वायफाय दुरुस्त करणारा चांगला कारागीर यापलीकडे काही करीत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, आणि ती बदलेपर्यंत कोणावर तोंड टाकू नये. यातील पहिला नियम बुद्धीचा आहे. दुसरा मात्र शीलाचा आहे, आणि म्हणूनच तो अधिक कठीण.

येथे कोणी म्हणेल, एवढ्या मीमांसेचे प्रयोजन काय? यंत्र बंद करून पुन्हा चालू करावे, दहांत आठ वेळा काम होते. होते खरे. त्या उपायास हसणाऱ्यांपैकी आम्ही नव्हे. वैद्य जसा प्रथम लंघन सांगतो तसा तो आहे. यंत्राच्या स्मृतीत साचलेला गाळ निघून जातो आणि पत्ता नव्याने मागितला जातो. पण लंघनाने ताप उतरला म्हणजे तापाचे निदान झाले असे कोणी मानीत नाही, आणि उरलेल्या दोन वेळी काय करावयाचे हा प्रश्न राहतोच.

अशा उरलेल्या वेळांपैकी एक आमच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांच्या घरी आली. त्यांच्याकडील राउटर बदलला. बसविणाऱ्याने नाव आणि पासवर्ड मुद्दाम जुनेच ठेवले, म्हणून मोबाईल आपोआप जोडले गेले आणि राउटर बदलल्याचे घरात कोणाच्या ध्यानातही राहिले नाही. चार दिवसांनी काही छापावयाचे निघाले तो प्रिंटर जोडला जाईना. त्याच सकाळी कामाच्या बाईंनी ते टेबल पुसताना प्रिंटर उचलून ठेवला होता. ‘बाई, कशाला हलविलात तो?’ एवढेच त्यांस विचारण्यात आले. इकडे प्रिंटर ‘पासवर्ड चुकीचा’ म्हणून सांगत राहिला, आणि आमचे स्नेही चष्मा पुसून तीच अक्षरे पुनःपुन्हा भरीत राहिले. ‘आता डोळ्यांचाही भरवसा उरला नाही,’ असे ते आम्हांस खिन्नपणे म्हणाले.

शेवटी शेजारचा इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी आला. त्याने कोणास काही विचारले नाही. प्रिंटर राउटरशेजारी नेऊन पाहिला, फरक पडला नाही, २.४ चा पट्टा चालू आहे याची खात्री केली. मग राउटर क्षणभर बंद करून आपल्याच मोबाईलवर त्याच नावाचे, त्याच पासवर्डचे वायफाय उभे केले. सुरक्षेची रीत मात्र जुनी, डब्ल्यूपीए-२, ठेवली. प्रिंटर तत्काळ जोडला गेला. ‘आजोबा, यंत्र ठीक आहे आणि तुमचा पासवर्डही ठीक आहे,’ तो म्हणाला. नवा राउटर केवळ डब्ल्यूपीए-३ या रीतीनेच दार उघडीत होता. ती २०१८ साली निघालेली, आणि प्रिंटर त्याहून जुना. दोन्ही रीती चालतील अशी खूण राउटरमध्ये करताच काम झाले. किल्ली बरोबर होती, कुलूप बदलले होते, आणि यंत्र मात्र किल्लीस नावे ठेवीत होते.

आमच्या स्नेह्यांस झालेला आनंद पाहण्यासारखा होता. ‘म्हणजे माझे काही चुकत नव्हते तर!’ असे त्यांनी त्या संध्याकाळी भेटेल त्यास सांगितले. बाईंस हे कळविले काय, असे आम्ही विचारले, तेव्हा ते चकित झाले. ‘त्यांना त्यातले काय समजणार? आणि आम्ही त्यांना बोललोच कुठे होतो?’ आम्हांस हे उत्तर पटले नाही, आणि आम्ही तसे म्हटलेही. डब्ल्यूपीए-३ काय आहे हे आमच्या स्नेह्यांस तरी कोठे समजले होते? त्यांस समजले ते इतकेच की, आपण निर्दोष आहोत. आणि तेवढे समजण्यास इंजिनिअरिंगचे शिक्षण लागत नाही. त्यांनी मान हलविली आणि चहा मागविला.

पुढे महिन्याभराने त्यांच्या घरी गेलो असता टेबलावर प्रिंटरच्या भोवती चांगलीच धूळ साचलेली दिसली. बाई हल्ली तेवढी जागा सोडून पुसतात, असे गृहिणींनी सांगितले; आणि वय झाले तशा त्या जरा आळशी झाल्या आहेत, अशी पुस्तीही जोडली.