दक्षिणेकडे वात

खरे बोलावे, असे मी वर्गात वीस वर्षे मुलांना सांगत आलो. घरात मात्र एका प्रश्नाने माझी परीक्षा घेतली.

गेल्या वर्षी श्रावणात माझी आई वारली. "आजी देवाघरी गेली," असे मी माझ्या सात वर्षांच्या मुलाला सांगितले. दोन दिवसांनी तो म्हणाला, "मग तिचा चष्मा इथं कसा? राहिलेली पोथी ती कशी वाचेल?" मी त्याला नवी आगगाडी आणून दिली. त्याने ती खोक्यातून बाहेरही काढली नाही.

कठोपनिषदातल्या नचिकेताची गोष्ट मी किती वेळा सांगितली असेन! मेल्यावर माणसाचे काय होते, असे त्या मुलाने विचारताच प्रत्यक्ष यमही उत्तर टाळू लागला. हत्ती घे, घोडे घे, सोने घे. पण हे विचारू नकोस! गोष्ट सांगताना मी नेहमी नचिकेताच्या बाजूने असे. आगगाडी आणली तेव्हा मी कोणाच्या बाजूला गेलो होतो?

त्या दिवाळीत दुखवट्यामुळे घरात तळण नव्हते. फराळ शेजाऱ्यांनी आणून दिला. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी पत्नीने कणकेचा दिवा केला आणि दक्षिणेकडे वात करून दारात ठेवला.

"हा कुणाला?" मुलाने विचारले.

"यमाला. घरात अकाली मरण येऊ नये म्हणून."

"त्यानंच आजीला नेलं ना? मग त्याला दिवा कशाला?"

दोन-तीन तयार उत्तरे ओठांवर आली. ती मी गिळली.

"मला ठाऊक नाही रे. आजी परत येणार नाही, एवढं ठाऊक आहे. मलाही तिची फार आठवण येते."

"तुम्हालासुद्धा?" तो म्हणाला, आणि श्रावणानंतर पहिल्यांदाच माझ्या कुशीत शिरून पोटभर रडला. मीही रडलो. मग उठून त्याने आगगाडीचे खोके आणले आणि वाऱ्याने फडफडणाऱ्या दिव्याला आडोसा केला.

'देवाघरी' हा शब्द श्रद्धेने उच्चारणाऱ्यांशी माझे भांडण नाही. मी तो प्रश्न मिटवण्यासाठी उच्चारला होता, हा माझा दोष. मुलापासून मरण लपवल्याने त्याचे दुःख कमी होत नाही. ते त्याला एकट्याला सोसावे लागते, एवढेच. यमाजवळ निदान उत्तर तरी होते. माझ्याजवळ तेही नव्हते. पण मुलाला माझे उत्तर नको होते, सोबत हवी होती.